मदत हवी आहे: डिझेल गाडीचं इंजिन हायवेवर ६५ डिग्रीच्या वर तापतच नाही

कात्रजबोगदा
गाडी २०१४ ची हॅचबॅक, १.३ लिटर डिझेल, बीएस-४, १ लाख १२ हजार किमी. काटा पूर्वी बरोबर मध्यावर उभा राहायचा. आता शहरात मध्याच्या जरा खाली, आणि हायवेला ८०-९० चा वेग धरला की पाव भागावर येऊन बसतो. ब्लूटूथ ओबीडी (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे मोबाइल ॲपवर दाखवणारा रीडर) लावून पाहिलं: हायवेवर कूलंट ६० ते ६५, ट्रॅफिकमध्ये ७८-८०. खंबाटकी चढताना ८४ पर्यंत जातो, पलीकडे उतरलं की परत ६०.

चेक इंजिनचा दिवा नाही, कोड नाही. हिटर कोमट. ॲव्हरेज २१ वरून १८ वर आलंय. टाकीत कूलंट मिन आणि मॅक्सच्या मधोमध. पावसाळ्यात वॉटर पंप बदलला, तेव्हा कूलंटही नवीन भरलं होतं.

एक गॅरेजवाला म्हणतो, "थंड चालतंय ना, मग चांगलंच आहे की." दुसरा म्हणतो सेन्सर टाका. सुरुवात कुठून करू?

सर्व्हिसबुक
पंख्याचा रिले चिकटला असेल. पंखा सतत फिरतोय का बघा.

दहाचा पाना
पंखा चोवीस तास फिरला तरी असं होणार नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरची वाट उघडणारा-मिटवणारा व्हॉल्व्ह, बंद असेल तर रेडिएटरमधून पाणी फिरतच नाही, मग पंखा कितीही वारा घालो, थंड होतं ते रेडिएटरमधलं साचलेलं पाणी. इंजिनाचं तापमान खालच्या बाजूला धरून ठेवणं हे काम थर्मोस्टॅटचं, पंख्याचं काम फक्त वरच्या बाजूला. शिवाय हायवेला समोरून येणारा वाराच इतका असतो की पंख्याचा संबंध जवळपास संपतो.

बोगदा, तुमच्या आकड्यांतच उत्तर दिसतंय. लोड वाढला की तापमान वाढतं, वारा वाढला की उतरतं. म्हणजे तापमान कोणी नियंत्रित करतच नाहीये. थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा काढून टाकलाय. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणारे मिस्त्री अजून आहेत. सेकंडहँड गाडी असेल तर हा प्रश्न आधी विचारायचा.

कात्रजबोगदा
गाडी पहिल्यापासून माझीच आहे. पण सेन्सर चुकीचं सांगतोय का हे आधी कळायला नको का? रात्रभर उभ्या गाडीत सकाळी फक्त चावी ऑन करून पाहिलं. कूलंट २१, आत येणारी हवा २२. म्हणजे सेन्सर ठीक धरायचा?

एनटीसी
नाही धरायचा. ही चाचणी करायलाच हवी, पण तेवढ्यावर थांबू नका.

कूलंट सेन्सर एनटीसी असतो, गरम होईल तसा त्याचा रेझिस्टन्स उतरतो. साधारण २० डिग्रीला २५०० ओहम, ६० ला ६०० च्या आसपास, ८० ला ३२० आणि १०० ला १९० च्या खाली. आता समजा कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज चढून वायरीत २०० ओहमची भर पडली. सकाळी २० डिग्रीला २५०० चे २७०० होतात, स्क्रीनवर फरक जेमतेम २ डिग्रीचा. तो कुणाच्या नजरेतही येत नाही. तेच इंजिन खरोखर ८५ ला पोचलं की २८० चे ४८० होतात आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) वाचतो ६७. थंड असताना साव, गरम झाल्यावर चोर. कोडही पडत नाही, कारण आकडा रेंजमध्येच असतो.

तर दोन गोष्टी करा. एक, कनेक्टर काढून पिना बघा. काढल्यावर ॲपवर कूलंट साधारण उणे ४० दिसायला हवं आणि बहुतेक गाड्यांत पंखा आपोआप सुरू होतो, घाबरू नका. कोड मात्र पडेल, नंतर पुसून टाका. दोन, गाडी चांगली फिरवून आणा आणि लगेच थर्मोस्टॅट हाउसिंगवर इन्फ्रारेड थर्मामीटर मारा. चकचकीत ॲल्युमिनियमवर मारला तर आकडा बराच कमी येतो. त्या जागी काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर मोजा. ॲप आणि टेप यांत ४-५ डिग्रीचा फरक चालतो. टेपवर ८५ आणि ॲपवर ६५ आलं तर सेन्सर किंवा वायर. दोन्हीकडे ६५ च्या आसपास आलं तर इंजिन खरंच थंड.

दहाचा पाना
एनटीसींचं बरोबर. त्यात माझी भर म्हणजे हाताची चाचणी, फुकटची. सकाळी थंड इंजिन सुरू करा आणि हेडकडून रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या होजवर हात ठेवा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर इंजिन ८० च्या पुढे जाईपर्यंत होज थंडच राहतो आणि मग एकदम गरम होतो. इंजिनाबरोबर होजही हळूहळू कोमट होत गेला, तर व्हॉल्व्ह उघडा आहे. पंख्यापासून हात आणि बाही लांब ठेवा, तो न सांगता सुरू होतो.

एक मात्र ध्यानात ठेवा, डिझेल आयडलवर फार तापत नाही. थंडीत अर्धा तास उभी ठेवूनही ७५ च्या वर गेलं नाही म्हणून थर्मोस्टॅट खराब ठरवू नका. घाट उतरतानाही ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल जवळपास आत जात नाही, उष्णता कुठून येणार? तुमच्या ६० पैकी उतारावरचा आकडा बाजूला ठेवा. सपाट हायवेवरचा ६५ हा खरा पुरावा.

कात्रजबोगदा
दोन्ही केलं. पिना स्वच्छ. सपाट रस्त्यावरून येऊन मोजलं: टेपवर ६६, ॲपवर ६४. वरचा होज इंजिन ४० ला असतानाच कोमट, ५५ ला चांगलाच गरम. मग थर्मोस्टॅटच. पण थर्मोस्टॅट म्हातारा झाल्यावर उघडा अडकतो की बंद?

दहाचा पाना
दोन्ही. आत मेणाची डबी असते, मेण वितळून फुगलं की पिन व्हॉल्व्ह ढकलते, थंड झालं की स्प्रिंग परत बंद करते. डबी गळाली तर व्हॉल्व्ह उघडतच नाही आणि गाडी तापते. स्प्रिंग तुटली, सीट झिजली किंवा मध्ये काही अडकलं तर बंद होत नाही, मग तुमच्यासारखं.

पंप पावसाळ्यात बदलला आणि तक्रार त्यानंतरची, म्हणून माझा संशय सिलिकॉनवर. गॅस्केटऐवजी किंवा गॅस्केटवर ट्यूब पिळली की जादाची कड आत तुटते आणि पाण्याबरोबर फिरत जाऊन थर्मोस्टॅटच्या सीटवर बसते. बोअरवेलचं पाणी भरलं असेल तर क्षाराचे पापुद्रेही तेच करतात.

जालनाडिझेल
नुसता काढून टाकला तरी चालेल का? आमच्याकडे काढतातच.

एनटीसी
चालणार नाही. बऱ्याच थर्मोस्टॅटना दोन तबकड्या असतात. मुख्य तबकडी रेडिएटरची वाट उघडते, त्याच वेळी दुसरी बायपासची वाट बंद करते. अख्खा काढला की बायपास कायम उघडा, थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच परत इंजिनात. हिवाळ्यात इंजिन थंड आणि मे महिन्यात घाटात तापलेलं, दोन्ही त्रास एकाच गाडीत. बीएस-६ डिझेलवाल्यांनी तर नादच करू नये. इंजिन गरम झाल्याशिवाय डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं) रिजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळणं, सुरू होत नाही, फिल्टर काजळीने भरतो, आणि त्याचं बिल थर्मोस्टॅटच्या कित्येक पट.

कात्रजबोगदा
आज उघडला. व्हॉल्व्हच्या कडेला करड्या सिलिकॉनचा वळलेला तुकडा, शेवयीएवढा जाड, करंगळीच्या पेरापेक्षा जरा लांब. तबकडी त्यावर तिरकी टेकलेली, उजेडाकडे धरलं तर अर्धचंद्राएवढी फट दिसते. तुकडा काढला तर फट गेली. हाच परत बसवू का?

दहाचा पाना
आधी तपासा. पातेल्यात दोऱ्याने टांगा, तळाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर. अंगावर कोरलेल्या आकड्याच्या एक-दोन डिग्री अलीकडेपलीकडे उघडायला लागला पाहिजे. ८८ वाला असेल तर पातेल्यात पूर्ण उघडलेला दिसणार नाही, कारण त्याला आणखी १०-१२ डिग्री लागतात आणि पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. महत्त्वाचं हे की गार झाल्यावर तो पूर्ण मिटला पाहिजे. इतके महिने तिरका राहिलेली सीट आणि रबर मी तरी परत बसवणार नाही. तुमच्यात हाउसिंगसकट येत असेल तर अख्खं घ्या, नवीन ओ-रिंगसकट, आणि कोरलेला आकडा जुन्याचाच. "पुण्यात ७६ वाला चालतो" असं दुकानदार म्हणाला तर नको म्हणा.

सहा एमएमचे बोल्ट असतील तर १० न्यूटन-मीटर पुरे, ॲल्युमिनियमची आटी पटकन जाते. ओ-रिंग असेल तिथे सिलिकॉन अजिबात नाही. आतला बाकीचा कचरा निघावा म्हणून रेडिएटर आणि हिटरची लाइन डिस्टिल्ड पाण्याने उलट बाजूने धुवा, नाहीतर दुसरा तुकडा नव्यात अडकेल.

भरताना ५०:५० कूलंट, हिटर फुल गरमवर, टाकीचं झाकण उघडं, बारीक धारेने. एअर ब्लीडचा स्क्रू असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत सैल ठेवा. झाकण लावून पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत चालवा, पूर्ण गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा. हवा राहिली तर सेन्सर पाण्याऐवजी हवेत लोंबकळतो आणि परत कमी आकडा दाखवतो. काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका. ते गोड लागतं, कुत्री पितात आणि मरतात.

कात्रजबोगदा
नवीन हाउसिंग बसवलं. आता सपाटीला ८६-८९, उतारावर ८०. होज ८५ पर्यंत थंड. हिटर भाजतो. इतके महिने इंजिन थंड चाललं, तर इंजिन ऑइल लगेच बदलू का, की ठरलेल्या किलोमीटरला?

एनटीसी
डिपस्टिक सपाट जागी, गाडी बंद करून दहा मिनिटांनी बघा. पातळी मॅक्सच्या वर चढली असेल किंवा ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर लगेच, फिल्टरसकट. तसं नसेल आणि फिलर कॅपखाली पांढरट साय धरली असेल, तर ती पाण्याची वाफ. एकदा तास-दीड तास हायवेला चालवा, कॅप पुसा, परत बघा. पुन्हा धरली नाही आणि टाकीतलं कूलंटही उतरत नसेल, तर ठरलेल्या किलोमीटरलाच बदला.