मदत हवी आहे: एका रॅथमध्ये अख्खा एल्फ डेक साफ होतोय

मंडळी, आम्ही चौघं दर रविवारी टिळकवाडीत मॅजिक द गॅदरिंग या कार्ड गेमचं कमांडर (एक प्रमुख कार्ड धरून खेळायचा प्रकार) खेळतो, 100 कार्डं 40 लाइफ नेहमीसारखं. माझा नुसता हिरवा एल्फ डेक, कमांडर एझुरी रेनेगेड लीडर, 37 लँड (माना, म्हणजे कार्डं खेळायची ऊर्जा, देणारी कार्डं), 34 क्रीचर (लढणारी कार्डं), त्यातले 11 माना देणारे. पाचव्या टर्नपर्यंत टेबल एल्फांनी भरतंय की तिघंही माझ्यावरच डोळा ठेवतात आणि निपाणीचा भिडू शांतपणे चार लँड आडवे करून (म्हणजे त्यांचा माना वापरून) रॅथ ऑफ गॉड, टेबलावरचे सगळे क्रीचर मारणारं कार्ड, टाकतो. हातात उरतं काय, एक फॉरेस्ट आणि एक लानोवार एल्फ. मग कुंदा खात दुसऱ्यांचा गेम बघत बसायचं.

एझुरीचं रीजनरेट (मरणारा एल्फ वाचवायची ताकद) रॅथपुढं चालतच नाही. हिरोइक इंटरव्हेन्शन हे क्रीचर वाचवणारं कार्ड घातलंय पण शंभरात एकच, वेळेला कधी येत नाही. दोन-तीन एल्फ हातात राखून बघितले तर हल्ल्याला जोर राहत नाही. कमांडर बदलायचा नाही, म्हणजे पांढरा रंग घाला म्हणू नका. बजेट कुरियर धरून हजार रुपये, प्रॉक्सी (छापलेली नकली कार्डं) आमच्यात चालत नाही.

तर क्रीचर कमी करून कार्ड ड्रॉ वाढवू की वाचवणारी कार्डं, आणि माना देणाऱ्या 11 मधले किती काढले तर चालतील?