आतला ऑसिलेटर वापरणारा कामचोर? उत्तर द्यावंच लागलं

पॅनेलवाला
परवा इथे तांबेतार यांची पोस्ट आली. त्यातली दोन वाक्यं डोक्यातून जाईनात: "आतल्या आरसी ऑसिलेटरवर टायमिंग करणारा कामचोर. दहा रुपयांचा क्रिस्टल वाचवायचा आणि चुकणारा माल गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारायचा." खाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी नऊ वर्षं सांगलीकडे शेतीपंपांचे ऑटो स्टार्टर करतोय. बोर्डावर एटीमेगा ३२८पी ही मायक्रोकंट्रोलर चिप. तिला ठोके देणारा आरसी (रेझिस्टर-कपॅसिटरचा) ऑसिलेटर तिच्या आतच, बाहेरून लावायचा जास्त अचूक क्रिस्टल नाही. गप्प बसणं जमलं नाही.

चिपच्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) आतल्या ऑसिलेटरची चूक ±१०% दिसली की लोक पान उलटतात. तो आकडा कारखान्यातून आलेल्या कॅलिब्रेशनचा (जुळवणीचा) आहे, ३ व्होल्ट आणि २५ अंशांचा. त्याच तक्त्यात खालच्या ओळीत लिहिलंय की तुमच्या ठरलेल्या व्होल्टेजला आणि तापमानाला तुम्ही स्वतः कॅलिब्रेट केलंत तर ±१%. ती ओळ कुणी वाचत नाही.

माझ्याकडे एका बोर्डाला दोन मिनिटं लागतात. बोर्ड स्वतःच्याच रेग्युलेटरवर चालू करायचा, शेतात जसा चालणार तसाच. सीकेआउट फ्यूज (फ्यूज म्हणजे चिपमधली साठवलेली सेटिंग) लावला की सिस्टीम क्लॉक पीबी० च्या पायावर बाहेर येतो, तिथे फ्रीक्वेन्सी काउंटर. काउंटर समजा ७.८६ मेगाहर्ट्झ दाखवतोय, तर ऑसकॅल (ऑसिलेटरचा वेग ठरवणारं रजिस्टर) एकेक आकड्याने वर न्यायचा, ८.०० ला टेकला की तो आकडा ईईप्रॉमच्या (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीच्या) शेवटच्या बाइटमध्ये टाकायचा. बूट झाल्या झाल्या तो वाचून परत रजिस्टरमध्ये. झालं.

फसायच्या जागा आहेत, त्याही सांगतो. ऑसकॅलचा सातवा बिट फ्रीक्वेन्सीचा पट्टाच बदलतो. ७एफ वरून ८० वर (हेक्समधले लागोपाठचे आकडे) गेलात की फ्रीक्वेन्सी वाढायच्या ऐवजी धाडकन खाली येते, कारण दोन पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत. उडी मोठी मारायची नाही, एका सायकलमधून दुसऱ्या सायकलमध्ये २ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर चिप कशी वागेल याची खात्री नाही. आणि ८.८ मेगाहर्ट्झच्या वर न्यायचं नाही, ईईप्रॉम आणि फ्लॅश लिहायचं टायमिंगही याच ऑसिलेटरवर आहे. कोरी चिप १ मेगाहर्ट्झवर चालते ती क्लॉकला ८ ने भागणारा सीकेडिव्ह८ फ्यूज आधीच लागलेला असतो म्हणून. "आतला ऑसिलेटर आठपट चुकला" म्हणून बोंबलणारे मी दोघे तरी पाहिलेत.

एवढं करून नऊ वर्षांत टायमिंगची एक तक्रार नाही. कामचोर कुणाला म्हणायचं ते आधी मोजून ठरवा.

तांबेतार
पोस्ट माझीच, शब्द मागे घेत नाही. मी तोंडाची वाफ दवडत नाही, हात पोळलेत म्हणून बोलतो. २०१६ साली तालुक्याच्या एका शाळेला घंटेचा टायमर करून दिला होता. आतल्या ऑसिलेटरवर. मीही असाच ऑसकॅल लावून, काउंटरवर बघून दिला. उद्घाटनाला पेढे वाटले. पाचव्या दिवशी मुख्याध्यापकांचा फोन: मधली सुट्टी सात मिनिटं आधी होते, पोरं ग्राउंडवर आणि पोषण आहाराची खिचडी अजून चुलीवर.

हिशेब करा ना. १% म्हणजे दिवसाला ८६४ सेकंद, चौदा मिनिटांच्या वर. तुम्ही घासून पुसून ०.१% वर आणलंत तरी दिवसाला दीड मिनिट. साधा २० पीपीएमचा (दहा लाखांत वीस चुकणारा) क्रिस्टल दिवसाला पावणेदोन सेकंद चुकतो. दहा रुपये वाचवले आणि त्या शाळेत माझे पाच हेलपाटे झाले, पेट्रोल पदरचं. तुमची नऊ वर्षं तुमच्याजवळ ठेवा.

पॅनेलवाला
अहो, घंटा म्हणजे घड्याळ. मी घड्याळ करतो असं कुठे लिहिलं? माझा बोर्ड लाइट आल्यावर थोडा थांबतो, तिन्ही फेज बघतो, मोटर आधी कमी जोराच्या स्टार जोडणीवर घेतो, आठ-दहा सेकंदांनी पूर्ण जोराच्या डेल्टावर टाकतो. दहाच्या जागी ९.९ झाले तर मोटरला कळतं का? चूक रोज साठत जाते ती घड्याळात. इथे दर वेळी शून्यापासून मोजणी आहे. घंटेला आरसी लावलीत ही चूक तुमची होती, ऑसिलेटरची नाही.

दर्याकाठ
क्रिस्टल लावला की देव पावला असं समजणाऱ्यांनी एक पावसाळा रत्नागिरीत काढावा. आमच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात लॉगर (वेळेसकट नोंदी ठेवणारं यंत्र) बसवला होता. ३२.७६८ किलोहर्ट्झचा घड्याळाचा क्रिस्टल, तांदळाच्या दाण्याएवढा डबा. उन्हाळाभर सेकंदाला सेकंद. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वेळ थांबली. हेअर ड्रायर मारला की सुरू, तासाभराने परत बंद. भिंगाखाली बघितलं तर दोन पायांच्या मध्ये सोल्डरिंगच्या फ्लक्सचा पिवळट थर, हवेतला ओलावा पिऊन चिकट झालेला. असल्या क्रिस्टलला मिळणारा करंट इतका बारीक असतो की तेवढी गळतीही त्याला झेपत नाही. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) ब्रशने धुतला, वाळवला, वर लॅकर मारलं, मग पाच पावसाळे गेले. आतल्या आरसीला हा आजार नाही, एवढंच म्हणायचंय.

थर्ड इयर
एक विचारू का? आम्हाला कॉलेजात कायम ११.०५९२ मेगाहर्ट्झचाच क्रिस्टल देतात. का ते विचारलं तर "बॉड रेटसाठी" (म्हणजे सिरियल तारेवर बिट जायच्या वेगासाठी) एवढंच उत्तर. व्हायव्हात तेच सांगितलं, मार्क मिळाले. खरं कारण काय?

एमआयडीसीकर
हेच तर! अजून ८०५१ या जुन्या चिपच्या टीएच१ या टायमर रजिस्टरमध्ये एफडी (हेक्समधले २५३) भरायला शिकवतात आणि का ते सांगत नाहीत. दर वर्षी आमच्याकडे भोसरीला पोरं-पोरी ट्रेनी म्हणून येतात, क्लॉक ट्री (चिपमध्ये क्लॉक कुठून कुठे जातो त्याचा नकाशा) दाखवला की चेहरे कोरे. एसटीएम३२ चिपमध्ये एचएसआय हा आतला ऑसिलेटर आहे, त्याला जुळवायला एचएसआयट्रिम आहे, हे नाव ऐकलेलं नसतं. चाळीस वर्षांपूर्वीची चिप शिकवून या मुलांचं आयुष्य का वाया घालवताय?

मायक्रो मास्तर
ताई, मी बावीस वर्षं शिकवतोय आणि हे मला लागलं. ११.०५९२ हा मायक्रोकंट्रोलरमधला सगळ्यात चांगला धडा आहे. थर्ड इयर, वही काढ. १२ चा आणि ३२ चा भागाकार चिप स्वतःच करते. ११.०५९२ मेगाहर्ट्झला १२ ने भाग, ९,२१,६०० येतात. ३२ ने भाग, २८,८००. आणखी ३ ने, ९६००, म्हणजे हवा तो बॉड रेट, बाकी शून्य. ३ वेळा मोजायचं म्हणून टायमरमध्ये २५६ वजा ३, म्हणजेच एफडी. आता १२ मेगाहर्ट्झ घे. १० लाख, भागिले ३२, ३१,२५०, भागिले ३, १०,४१६. साडेआठ टक्के चूक! क्रिस्टल सोन्याचा लावलास तरी साडेआठ टक्के. हे ज्याला कळलं त्याला कुठलीही चिप कळेल. चिप जुनी आहे म्हणून भागाकार जुना होत नाही.

एमआयडीसीकर
सर, तुम्ही हे शिकवत असाल. बाकीचे झेरॉक्सच्या नोट्स वाटतात. मी स्वतः ते भोगलंय. माझी पहिली नोकरी, छोटं युनिट, पीआयसी १२एफ६७५. त्या चिपमध्ये प्रोग्राम मेमरीच्या अगदी शेवटी, ३एफएफ वर, कारखाना कॅलिब्रेशनचा आकडा एका रेटएलडब्ल्यू सूचनेत ("आकडा घेऊन परत ये" अशी सूचना) ठेवतो. कोड सुरू झाला की तिथे कॉल मारायचा, आकडा घेऊन यायचा, ऑसकॅलमध्ये टाकायचा. आमचा प्रोग्रामर (चिपमध्ये कोड भरायचं यंत्र) स्वस्तातला, तो "इरेज ऑल" करून तो शब्दही पुसायचा. मला कुणी सांगितलं नव्हतं. दोनशे चिप्स पुसल्या. पुसलेल्या जागी परत येण्याची सूचनाच नाही, त्यामुळे कॉल मारला की प्रोग्राम पुढे घसरून पुन्हा शून्यावरून सुरू. एलईडी नुसता थरथरतोय. मालकांनी सगळ्यांसमोर "डिग्री कुठून विकत घेतली" असं विचारलं. मग रात्री बसून एकेक चिप काउंटरला लावून आकडा शोधला आणि ३एफएफ वर परत लिहिला. तीन रात्री. त्या दिवसापासून मी "का" विचारल्याशिवाय काही करत नाही. हे कॉलेजने शिकवायला हवं होतं. कॉलेजच्या फीमध्ये ते येत होतं.

मायक्रो मास्तर
दोनशे चिप्स पुसण्याआधी डेटाशीट उघडायची जबाबदारी तुमची नव्हती का? सगळं मास्तरवर ढकलायचं ही आता फॅशन झालीय. लॅबला ऑसिलोस्कोप दोन, त्यातला एक बंद, साठ मुलं, दोन तास. येऊन शिकवून दाखवा.

एमआयडीसीकर
येते. तारीख सांगा. रजा टाकून येते, काउंटर माझा घेऊन. पण "फॅशन" हा शब्द मागे घ्या सर, मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि कुणालाही विचारायची सोय नव्हती.

मायक्रो मास्तर
शब्द मागे घेतो. तारीख सेमिस्टर लागली की कळवतो.

थर्ड इयर
मॅडम, खरंच या. आमच्या बॅचपासून सुरुवात करा.

तांबेतार
धागा ऑसिलेटरचा होता, कॉलेजचा नव्हता. पॅनेलवाले, मास्तरांचा भागाकार तुमच्या विरुद्ध जातो हे लक्षात आलं का? तुमचे ८ मेगाहर्ट्झ ११५२०० बॉडला बसतच नाहीत. साडेतीन टक्के कमी पडतात, यूटूएक्स (दुप्पट वेगाची सेटिंग) लावूनसुद्धा. त्यात तुमची आरसी उन्हात अजून एखादा टक्का हलणार. यूआर्टला (चिपमधल्या सिरियल बोलणाऱ्या भागाला) आठ बिटांना दोन टक्क्यांच्या वर चूक देऊ नका असं तीच डेटाशीट सांगते. मोडेम कसा बोलतो तुमचा?

पॅनेलवाला
९६०० वर बोलतो, तिथे भागाकाराची चूक ०.२%. पण तुम्ही विषय काढलात म्हणून सांगतो. तुमचा ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टलही ११५२०० ला तेवढेच साडेतीन टक्के चुकणार, कारण ती चूक भागाकाराची आहे. माझी आरसी मी ऑसकॅलने ७.३७२८ वर आणू शकतो. डेटाशीटमध्ये ७.३ ते ८.१ चा पट्टा दिलेलाच आहे. ७.३७२८ भागिले १६, भागिले ४, बरोबर १,१५,२००. चिमट्याने काही बदलावं लागत नाही. तुम्हाला मात्र दुसरा क्रिस्टल विकत आणावा लागेल.

तांबेतार
हं. हे मी करून पाहिलेलं नाही. कागदावर बरोबर दिसतंय. पण पहिला प्रश्न टाळू नका: एप्रिलमध्ये दुपारी दोनला पत्र्याच्या पेटीत मोजलंय का कधी? टेबलावर, पंख्याखाली केलेलं कॅलिब्रेशन मी धरत नाही.

पॅनेलवाला
खरं सांगायचं तर नव्हतं मोजलं. तुमचा मेसेज वाचून काल मोजलं. एक बोर्ड शेडच्या पत्र्यावर, पेटी बंद, आत थर्मामीटर सोडला, वायर बाहेर काढून काउंटर सावलीत. पेटीत ६१ अंश. सकाळी ८.०० ला लावलेला बोर्ड दुपारी एक टक्क्याच्या जरा वर सरकला होता. म्हणजे डेटाशीटची "ठरलेल्या तापमानाला" ही अट मी नऊ वर्षं हलक्यात घेत होतो. स्टार-डेल्टाला फरक पडत नाही, ९६०० लाही नाही. पण आता गिऱ्हाईक रात्रीची पाळी लावून मागतंय, "दोन वाजता सुरू, पाचला बंद". ते या ऑसिलेटरवर मी करणार नाही, हे मान्य.

दर्याकाठ
मग भांडता कशाला? ३२८पी मध्ये मुख्य क्रिस्टलचे आणि घड्याळाच्या क्रिस्टलचे पाय एकच आहेत. मुख्य क्लॉक आतल्या आरसीवर ठेवलात तरच ते दोन पाय मोकळे राहतात आणि तिथे ३२.७६८ बसतो, टायमर २ वर. वेळ टायमर २ ठेवेल. वर टायमर २ च्या ठरावीक टिचक्या होईपर्यंत टायमर १ ने किती मोजले ते बघून दर दहा मिनिटांनी ऑसकॅल एक पायरी वर-खाली करा. ऊन असो, थंडी असो, आरसी क्रिस्टलच्या मागे चालत राहील. बोर्ड मात्र धुवा.

तांबेतार
म्हणजे शेवटी क्रिस्टल लागलाच.

पॅनेलवाला
लागला. आणि आतला ऑसिलेटर होता म्हणून त्याला पाय मिळाले. "कामचोर" तेवढं काढा त्या पोस्टमधून.

तांबेतार
"घड्याळासाठी आरसी वापरणारा" एवढी दुरुस्ती करतो. त्याहून पुढे जाणार नाही. टायमर १ ची मोजणी कशी करता तो कोड टाका, ती शाळा अजून माझ्याकडेच आहे.