मे महिन्यात श्रीलंका, आई सोबत आहे, सात दिवसांत जमेल का?

केळीवाला_रावेर
राम राम मंडळी. मी रावेर तालुक्यातला, घरची केळी. यंदा मृगबाग (जूनची लागवड) लावली नव्हती, कांदेबाग (ऑक्टोबरची लागवड) आहे, त्यामुळे मे महिन्यात कटाईची घाई नाही आणि पोरांच्या शाळेलाही सुट्टी, तर बायको म्हणे एकदा तरी देशाबाहेर जाऊ. श्रीलंका ठरवलंय. मी, बायको, दोन पोरं (१३ आणि ९) आणि आई. आई ६६ ची, माळकरी, गुडघे दुखतात पण वारी चुकवत नाही.
जळगावच्या एका टूरवाल्याने सात दिवसांचा प्लॅन दिलाय: कोलंबो, सिगिरिया, कँडी, रेल्वेने एल्ला, मग 'याला' नावाचं जंगल, मग गॉल आणि परत कोलंबो. कागदावर भारी दिसतंय. पण कोणीतरी म्हणालं मे मध्ये तिकडे पाऊस असतो, कोणी म्हणतं आपल्यासारखंच ऊन. नक्की काय? आणि आईच्या जेवणाचं काय करायचं? जे जाऊन आलेत त्यांनी सांगा ना भो.

लाईनबाजार
सात दिनमा बठ्ठा देश? भाऊ, ही सहल आहे की कटाईची गाडी, रात्री भरली आणि सकाळी दिल्लीला? 😄
मस्करी जाऊ दे. नकाशावर श्रीलंका लहान दिसते म्हणून आपण फसतो. कोलंबो ते कँडी जेमतेम सव्वाशे किलोमीटर, पण तीन-साडेतीन तास गृहीत धर, रस्ता वळणावळणाचा आणि मध्ये गावं. कँडी-एल्ला रेल्वे म्हणजे सहा-सात तास. दिसतं सुंदर, चहाचे मळे, ढग, सगळं, पण नऊ वर्षांचं पोरगं तिसऱ्या तासाला विचारणार, पप्पा कधी येणार? शिवाय नोव्हेंबर २०२५ च्या दितवा चक्रीवादळात त्याच डोंगरात दरडी कोसळून रेल्वेलाईनचं नुकसान झालं होतं, म्हणून ती गाडी पूर्ण रस्ता चालतेय का हे विचारल्याशिवाय टूरवाल्याला ॲडव्हान्स देऊ नको.
आता पाऊस. तिकडे दोन मान्सून. साधारण मे ते सप्टेंबर नैऋत्येचा, तो कोलंबो, गॉल आणि पश्चिमेकडचे डोंगर भिजवतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा, तो त्रिंकोमाली, बट्टिकलोआ, जाफनाकडे. म्हणजे एक बाजू ओली असते तेव्हा दुसरी बहुतेक कोरडी. तुझ्या टूरवाल्याने मे महिन्यात तुला नेमकं ओल्या बाजूच्या समुद्रावर न्यायचं ठरवलंय, पॅकेज वर्षभर एकच छापलेलं असणार. गॉल, एल्ला, याला तिन्ही काढून टाक आणि उत्तर-पूर्व धर: सिगिरिया, दंबुल्ला, पोलोन्नारुवा, अनुराधापुर आणि समुद्र हवा तर त्रिंकोमाली. तिथला निलावेलीचा किनारा मे मध्ये शांत असतो, पोरं पोहतील.
ऊन म्हणशील तर तिथे ३३-३४, भुसावळच्या ४५ पुढे काहीच नाही असं मीही म्हणत गेलो होतो. पण दमट. आपल्याकडे डोक्याला रुमाल बांधला की भागतं, तिथे रुमालच पिळावा लागतो.

भुसावळ_जंक्शन
जय भीम, नमो बुद्धाय. मी दोन वर्षांपूर्वी आईवडलांना घेऊन गेलो होतो, आमच्यासाठी ती सहल नव्हती, यात्राच होती, त्यामुळे अनुराधापुरबद्दल थोडं लांबण लावतो.
तिथे जय श्री महाबोधी आहे. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी घेऊन गेली, तिचं हे झाड, इ.स.पू. तिसऱ्या शतकातलं, आजही उभं आहे. आधी तिचा भाऊ महिंद गेला होता, त्याची राजाशी भेट झाली ती टेकडी म्हणजे मिहिंतले, अनुराधापुरच्या जवळच. महिंदाची आई विदिशाची, म्हणजे आपल्याच भुसावळ-इटारसी लायनीने पुढे गेलं की लागतं ते विदिशा. मी हे वडलांना तिथे झाडाखाली सांगितलं तर वडील (रिटायर्ड रेल्वेवाले) म्हणाले, मग आपले पाहुणेच निघाले. बाबासाहेबही १९५० साली श्रीलंकेत गेले होते, जागतिक बौद्ध परिषदेला.
आता कामाचं. मंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, बायकापुरुष दोघांचे, टोपी आणि चपला बाहेर. तिथले लोक पांढरे कपडे घालून येतात पण पाहुण्यांना सक्ती नाही, आईला लुगडं-नऊवारी जे असेल ते चालतं. मोज्यांची जोडी मात्र नक्की ने! जुन्या स्तूपांच्या आवारातही अनवाणी जावं लागतं आणि दुपारचा तो दगड म्हणजे आपला खापर, त्यावर मांडे होतील. मोजे घातलेले चालतात. आणि बुद्धाकडे पाठ करून सेल्फी काढू नका, पोरांना आधीच सांगून ठेवा, तिथे ते फार मनाला लागतं.
प्रत्येक पौर्णिमेला सुट्टी असते, पोया म्हणतात, त्या दिवशी दारू मिळत नाही. तुमच्या तारखांत वैशाखी पौर्णिमा येत असेल तर चुकवू नका. रस्त्यावर कागदी कंदील, मोठाल्या रोषणाईच्या कमानी, आणि दानसल, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण, सरबत, कुठे तर आईस्क्रीमसुद्धा. गाड्या थांबवून वाढतात. मात्र त्या दिवसांत हॉटेलं आणि बस तुडुंब, बुकिंग आधीच करा.

केळीवाला_रावेर
जय भीम भाऊ, हे मोज्याचं कोणीच सांगितलं नसतं. @लाईनबाजार, टूरवाल्याला फोन केला, गॉल काढा म्हटलं तर म्हणतो 'साहेब गॉलशिवाय श्रीलंका म्हणजे शेवेशिवाय शेवभाजी'. मग मीही म्हटलं, पावसात भिजलेली शेव कोण खातं. आता स्वतःच बुक करतोय. सिगिरियाच्या त्या उंच कातळावर आई चढेल का? आणि जेवण राहिलंच.

धुळेकर_मावशी
बाळा, सिगिरियाला साधारण १२०० पायऱ्या आहेत, शेवटी लोखंडी जिने. मी ५८ ला चढले आणि दोन दिवस जिना दिसला की रडू यायचं. आईला खाली बागेत सावलीत बसव, ती पाण्याची जुनी तळी-कारंजी बघण्यासारखी आहेत. तुम्ही सकाळी गेट उघडतानाच जा. पासपोर्ट सोबत ठेव, सार्क देशवाल्यांना तिकीट कमी लागतं. वर कश्यप राजाचा पाचव्या शतकातला महाल आणि वाटेत त्या रंगवलेल्या अप्सरा, त्यांचे फोटो काढू देत नाहीत. जायच्या आधी पोरांना अजिंठा दाखव, तुमच्याकडून किती लांब आहे! तिथली बरीच चित्रंही त्याच पाचव्या शतकातली, आणि १७ नंबरच्या लेण्यात तर सिंहल नावाचा व्यापारी लंकेत उतरतो ती गोष्टच भिंतभर काढलीय. इथे ती बघून मग तिथे गेलं की पोरांना आपोआप कळतं, आम्ही उलटं केलं आणि पस्तावलो.
जेवण. भात आणि चार-पाच भाज्या सगळीकडे मिळतात, डाळीला परिप्पु म्हणतात, फणसाची भाजी तर मटणाच्या तोंडात मारेल. पण माळकरी माणसाने एक लक्षात ठेवायचं, पोल सांबोल नावाची खोबऱ्याची चटणी दिसते साधी, तिच्यात बहुतेक वेळा सुक्या माशाचा चुरा असतो. उंबलकड म्हणतात त्याला. भाज्यांतही टाकतात, आणि त्यांना विचारलं 'व्हेज?' तर हो म्हणतात, कारण त्यांच्या हिशेबात तो मसाला. म्हणून 'उंबलकड नको' असंच सांगायचं. त्रिंकोमालीला तमिळ लोकांची शुद्ध शाकाहारी हॉटेलं आहेत, तिथे आईचं पोट आणि मन दोन्ही भरेल, कड्यावरचं कोणेश्वर महादेवाचं मंदिरही आहे. तरी मी दशम्या आणि काळ्या मसाल्याची पुडी नेलीच होती.
तिथली सिंहली भाषा ऐक जरा, मजा येते. गावाला गम, हाताला अत, पुस्तकाला पोत, म्हणजे आपली पोथी!

लाईनबाजार
मावशींना दंडवत. मी रफ प्लॅन देतो: मुंबईहून कोलंबोचं थेट विमान अडीच तासांचं, विमानतळ नेगोंबोच्या बाजूला आहे, शहरात शिरूच नको, तिथून गाडी करून तडक दंबुल्ला. तिथे तीन रात्री: एक दिवस सिगिरिया, एक अनुराधापुर, आणि मधल्या सकाळी दंबुल्लाची लेणी (तिथेही पायऱ्या आहेत, पण आई हळूहळू चढेल). मग पोलोन्नारुवा बघत त्रिंकोमाली, दोन रात्री. परतताना एक रात्र कँडी, बुद्धाच्या दाताचं मंदिर. एवढंच.
गाडी ड्रायव्हरसकट मिळते, त्याच्या राहण्या-जेवणाचं भाड्यात आहे का ते आधी बोलून घे. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे साडेतीनच्या आसपास, त्यामुळे बिल बघून छातीत धस्स होतं, मग भागाकार करायचा. २०२४ पासून यूपीआय काही ठिकाणी चालतं पण त्या भरवशावर जाऊ नको, रोख ठेव. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात, ते फक्त सरकारी ईटीए (ऑनलाइन प्रवास परवानगी) साइटवर बघ, एजंटचं ऐकू नको.

केळीवाला_रावेर
हाच प्लॅन पक्का. एक शेवटचं, ऐकलंय तिथे केळीच्या लय जाती आहेत, लाल पण. चार कंद पिशवीत टाकून आणले तर?

लाईनबाजार
अरे बाबा नको! परवानगीशिवाय कंद आणणं गुन्हा आहे, आणि पकडलं नाही तर जास्त वाईट. आधीच करपा आणि सीएमव्ही या केळीवरच्या रोगांनी रावेर-यावलचं कंबरडं मोडलंय, त्यात तू परदेशी पाहुणा आणतोस. तिथे ती लाल रतंबला खा, कोलिकुट्टु खा, फोटो काढ आणि सालं पण तिथेच टाकून ये.

केळीवाला_रावेर
बरं बरं 🙏 आईला वाचून दाखवलं सगळं. ती म्हणते तुम्ही जा वर, मी खाली बसून हरिपाठ म्हणते.

धुळेकर_मावशी
म्हणू दे. फक्त दशम्यांची पिशवी मांडीखाली ठेवायला सांग, माझी वानराने नेली.