नेफेश म्हणजे आत्मा का जीव? (हिब्रू बायबल)

शाईडाग:
हिब्रू अक्षरओळख झाली, आता डिक्शनरी मांडीवर घेऊन उत्पत्ती (बायबलचं पहिलं पुस्तक) वाचायला लागलोय आणि या नेफेशनी भंडावून सोडलंय. १:२० ला पाण्यात वळवळणारे जीव निर्माण होतात, तिथे नेफेश हय्या, म्हणजे जिवंत नेफेश. मग २:७ ला मातीच्या माणसाच्या नाकात श्वास फुंकला जातो आणि तो होतो... परत नेफेश हय्याच! मला आजवर सगळ्यांनी नेफेश म्हणजे आत्मा एवढंच सांगितलंय. मग माशालाही आत्मा आहे म्हणायचं का? आणि गणना ६:६ ला तर चक्क प्रेताला नेफेश म्हटलंय, तिथे आपली विकेटच पडली. कोणीतरी नीट उलगडून सांगा, लिंका नकोत, लिंका वाचूनच ही अवस्था झालीय.

रिकामटेकडा:
तुम्ही बरोबर वाचताय. आत्मा जरा बाजूला ठेवा आणि गळ्यापासून सुरुवात करा, कारण या शब्दाचा सगळ्यात ठोस अर्थ गळा, घसा हाच आहे. यशया ५:१४ बघा, अधोलोक आपला नेफेश रुंदावतो आणि लगेच पुढे तोंड अफाट उघडतो, म्हणजे तिथे घसाच. स्तोत्र ६९ च्या सुरुवातीला पाणी नेफेशपर्यंत आलंय, योना माशाच्या पोटात तेच म्हणतो. (व्हर्स नंबर हिब्रूत एखाद्याने पुढेमागे असतात, गोंधळू नका.) अक्कादी या मेसोपोटेमियातल्या जुन्या भाषेत नपिश्तु आहे, त्याचेही अर्थ घसा, श्वास, जीव. अरबी नफ्स त्याच घरातला.

आता घशातून काय काय जातं? श्वास, पाणी, घास. म्हणून श्वास, तहान, भूक, मग हाव, इच्छा आणि हे सगळं ज्याच्यामुळे चालतं ते जगणं, असा शब्द पसरत गेलाय. गणना ११:६ ला लोक मान्ना (वाळवंटात रोज मिळणारं अन्न) खाऊन वैतागलेत आणि म्हणतात आमचा नेफेश सुकून गेला. आत्मा सुकला असं भाषांतर करून बघा, काहीतरी भलतंच गहन वाटेल, बिचाऱ्यांच्या घशाला कोरड पडलीय हो.

आणि मराठी माणसाला तर हे सोपं जायला पाहिजे कारण आपल्याकडे जीव आहे. शखेमचा नेफेश दीनाला चिकटला (उत्पत्ती ३४:३), म्हणजे जीव जडला. शास्ते १६:१६ ला दलीला रोज भुणभुण लावते आणि शमशोनाचा नेफेश मरणाइतका आखूड होतो, म्हणजे जीव मेटाकुटीला आला, याहून चांगलं भाषांतर मला सुचत नाही.

तिसरी_घंटा:
गळ्याचं मान्य, पण तुम्ही फारच एका बाजूला झुकताय. उत्पत्ती ३५:१८ ला राहेल मरताना तिचा नेफेश निघून जातो. १ राजे १७ मध्ये एलीया प्रार्थना करतो की या पोराचा नेफेश परत त्याच्यात येऊ दे आणि तो येतो. जातो, येतो, म्हणजे शरीराहून वेगळं काहीतरी आहेच ना? घसा थोडाच बाहेर जाऊन परत येतो 😄

रिकामटेकडा:
अहो आपणही जीव गेला, जिवात जीव आला म्हणतोच की, म्हणून जीव कुठेतरी जाऊन बसला असं कोण समजतं? यहेज्केल १८:४ सरळ म्हणतो, जो नेफेश पाप करील तो मरेल. न मरणारा आत्मा ही कल्पना डोक्यात ठेवून हे वाक्य वाचलं की पंचाईत होते. माझ्या मते घोळ ग्रीक भाषांतरापासून सुरू झाला, तिथे नेफेशला बहुतेक ठिकाणी प्सुखे (ग्रीकमधला आत्मा) वापरलं आणि त्या शब्दामागे ग्रीक तत्त्वज्ञानाची सगळी वरात आली. नंतरच्या ज्यू परंपरेत, विशेषतः कब्बालात, म्हणजे ज्यू गूढवादात, नेफेश, रुआख, नेशामा अशा आत्म्याच्या पायऱ्या केल्यात, ते खरंय, पण ते उत्पत्तीत मागे नेऊन बसवू नका.

हलन्त:
मूळ प्रश्नातलं प्रेत राहूनच गेलं. लेवीय आणि गणना या पुस्तकांत कायद्याची भाषा आहे, तिथे नेफेश म्हणजे इसम, कोणीही. ‘एखाद्या नेफेशने पाप केलं तर’ अशीच वाक्यं सुरू होतात. याकोबाच्या घरचे मिसरात गेले ते सत्तर नेफेश, डोकी मोजलीत. म्हणून नेफेश मेत म्हणजे मेलेला इसम, आणि पुढे पुढे मेत गाळून नुसतं नेफेश म्हटलं तरी प्रेत कळतं, गणना ५:२ बघा. इथे मात्र आपला जीव कामाला येत नाही.

माझी आवडती जागा अनुवाद २४:६ (अनुवाद हे पुस्तकाचं नाव, भाषांतर नव्हे). जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण ठेवून घेऊ नका, कारण तो नेफेशच गहाण ठेवून घेणं झालं. वरची तळी उचलून नेली की दळण बंद, दळण बंद की भाकरी बंद. सावकाराला बरोबर पकडलंय.

याचं क्रियापदही आहे पण बायबलात फक्त तीनदा येतं. निर्गम ३१:१७ ला देव सातव्या दिवशी थांबला वायिन्नाफाश, म्हणजे त्याने दम खाल्ला. देवाबद्दल इतकं बिनधास्त लिहिलंय की भाषांतरकार विश्रांती वगैरे लिहून सटकतात.

शाईडाग:
दम खाल्ला हे भारीच. म्हणजे स्तोत्रांमधलं नफ्शी, ‘माझा नेफेश’, ते पण नुसतं ‘मी’ म्हणून वाचलं तर चालेल? आणि डिक्शनरीत बआल नेफेश दिसलं, नेफेशचा मालक, हा कोणी साधूबिधू का?

हलन्त:
नफ्शी बऱ्याच ठिकाणी ‘मी’ च, पण स्तोत्र ४२ मध्ये हरणीसारखा तहानलेला नेफेश आहे, तिथे घसा ऐकू आलाच पाहिजे, नुसतं मी केलं तर मजा गेली. बआल नेफेश नीतिसूत्रे २३:२ मधला ना? साधू कसला, खादाड! राजाच्या पंक्तीला बसलास आणि खादाड असशील तर स्वतःच्या गळ्याला सुरी लाव असं म्हटलंय. आणि गंमत म्हणजे त्या गळ्याला नेफेश नाही, लोआ असा वेगळाच शब्द आहे. पुढे रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या, हिब्रूत हाच बआल नेफेश उलटा होतो, मनावर ताबा असलेला, नियम काटेकोर पाळणारा माणूस. त्यामुळे कुठल्या काळातलं वाचताय ते आधी बघा.