दंडातला उंदीर

अर्धविराम: मुलांच्या विज्ञान-पुस्तिकेचं भाषांतर करतेय. एका वाक्याशी अडकले. 'मसल' हा शब्द लॅटिन 'मुस्कुलुस'वरून आला, म्हणजे छोटा उंदीर. दंड वाकवला की कातडीखाली उंदीर सरकल्यासारखं दिसतं म्हणून. आता मी 'स्नायू' लिहिलं की उंदीर पसार! काय करू?

खडूफळा: आपल्याकडे त्या उंदराचा बेडूक होतो. लहानपणी 'बेटकुळी काढून दाखव' म्हणायचो ना? बेडूक, बेडकी, बेडकुळी, बेटकुळी. बिनधास्त लिहा.

शंकासुर: आम्ही 'बेंडकुळी' म्हणायचो. मला त्यात बेंड दिसतं, गळवासारखं टरारून वर आलेलं. बेडूक कुठला?

खडूफळा: अहो, दंडाच्या बेडक्या फुगवतात. बेंडं फुगवून कोण मिरवतं?

वैद्यबुवा: मुळात 'स्नायू'च चूक. सुश्रुतसंहितेत ९०० स्नायू आणि ५०० पेशी वेगवेगळ्या मोजल्या आहेत. नावेच्या फळ्या दोरांनी आवळाव्यात तसं शरीर बांधून ठेवतात ते स्नायू. मसलला शब्द पेशी. हिंदीनं 'मांसपेशी' जपला, आपण पेशी 'सेल'ला देऊन मोकळे!

अर्धविराम: याचा फटका मला बसलाय. एका हिंदी लेखातली 'पेशी' मराठीत तशीच ठेवली होती. छापून आल्यावर कळलं, लेखक स्नायूंबद्दल बोलत होता.

शंकासुर: सेलला हिंदीतला 'कोशिका'च बरा. रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाला १६६५ साली सूक्ष्मदर्शकाखाली बुचाच्या कापात रिकाम्या खोल्या दिसल्या, म्हणून 'सेल'. पेशीत खोली कुठंय?

खडूफळा: हूकला दिसल्या त्या मेलेल्या बुचाच्या भिंती. आत काय चालतं याचा त्याला पत्ता नव्हता. म्हणजे इंग्रजी शब्दही तसा चुकीचाच, पण टिकला. पिढ्यान्‌पिढ्या मुलं 'पेशी' शिकली, कुणाचं काही अडलं नाही.

वैद्यबुवा: अडलं की! वर अर्धविरामताईंचं वाचा.

खडूफळा: ते हिंदीमुळे, पेशीमुळे नव्हे. बरं, उंदराकडे या. ग्रीक 'मूस' म्हणजे उंदीर आणि स्नायूही. 'मायोकार्डियम'मधला, म्हणजे हृदयाच्या स्नायूच्या नावातला, 'मायो' तोच. आपला 'मूषक' त्यांचा चुलत भाऊ. 'मुष्क'ही त्याच बिळातला, पण त्याचा अर्थ मुलांच्या पुस्तिकेत नको.

अर्धविराम: 'बेटकुळी' लिहिलं असतं हो, पण चित्रकारानं दंडावर शेपटीसकट उंदीर काढून पाठवलाय.

शंकासुर: शेपूट पुसायला सांगा. बेंड होईल.