फक्त भोक शिवणं नव्हे

वर दोन प्रश्न आलेत: हायटस हर्नियाचं दुर्बिणीतून केलेलं ऑपरेशन म्हणजे नुसतं भोक शिवणं का, आणि जाळी बसवावीच लागते का?

शिवणं हा त्यातला निम्माच भाग. श्वासपटलातल्या ज्या छिद्रातून अन्ननलिका पोटात उतरते, तिथूनच जठर वर सरकलेलं असतं. पोटावर साधारण पाच छोटे छेद घेऊन, आत कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात. मग जठर खाली ओढतात आणि छातीत गेलेली हर्नियाची पिशवीही सोडवून आणतात. अन्ननलिकेचा २-३ सेंटीमीटर भाग ताणाशिवाय पोटात राहायला हवा. मला विचाराल तर खरं कसब इथे लागतं, पण चर्चा सगळी टाक्यांची! नंतर छिद्र टाक्यांनी अरुंद करतात आणि जठरातलं आम्ल वर येऊ नये म्हणून जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. सर्जन निसेन यांची १९५६ साली प्रसिद्ध झालेली पद्धत पूर्ण ३६० अंशांची. टूपे पद्धतीत वेढा मागून २७० अंशांचाच, त्यामुळे गिळायला अडखळणं आणि पोट फुगणं तुलनेने कमी. म्हणून कोणता वेढा घ्यायचा हे ठरवण्याआधी मॅनोमेट्री करून अन्ननलिकेचा घास ढकलण्याचा जोर मोजून घ्यावा. हे टाळू नका.

शिवलेल्या छिद्राला आधार म्हणून बसवायच्या जाळीबद्दल सर्जनांमध्येच एकमत नाही. मोठ्या हर्नियात काही जण वापरतात, पण ती क्वचित अन्ननलिकेत रुतते आणि मग काढणं फार जिकिरीचं. सरसकट नकोच.

आणि हो, पहिले काही आठवडे मऊ खाणं, छोटे घास. घास अडकल्यासारखं वाटलं तर बहुधा ती सूज असते, पण पाणीही उतरेना झालं तर लगेच सर्जनला गाठा.