मदत हवी आहे: रोमँटिक कॉमेडी ९ वर्षांच्या मुलीला दाखवावी का?

नमस्कार मंडळी. रविवारी कोथरूडच्या सिटी प्राइडला एक नवी रोमँटिक कॉमेडी बघायला जायचं ठरतंय. सोबत माझी ९ वर्षांची लेक आणि ११ वर्षांचा भाचा. सर्टिफिकेट 'यूए १३+' आहे. २०२४ पासून यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे गट झालेत, पण ते पालकांना दिशा देण्यासाठी. 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठी, तशी यात मनाई नाही, म्हणजे निर्णय आपल्यालाच घ्यायचा.

एखाद्या चुंबनाची मला फारशी धास्ती नाही, घरी त्यावर मोकळेपणाने बोलता येतं. खरी काळजी वेगळी आहे. अशा सिनेमांत बऱ्याचदा नायिका नको म्हणत असते, तरी नायक तिच्या मागे मागे फिरतो, आणि शेवटी ती हो म्हणते म्हणून सगळे टाळ्या वाजवतात. हे या वयात गोड वाटलं तर? दुहेरी अर्थाचे विनोदही भाचा हल्ली बरोबर पकडतो, मग शाळेत जाऊन सांगतो. ट्रेलरवरून यातलं काहीच कळत नाही.

तुम्ही आधी काय तपासता? एकट्याने आधी बघून येता, की मुलांना नेऊन नंतर बोलता? या वयाची मुलं असलेल्यांनी कृपया अनुभव सांगा.